अंगापेक्षा बोंगा मोठा

(जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील ज्ञातिबांधवांच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून विवाहातील खर्च, मुलींचे शिक्षण, तरुणांचे धंदे अशा जिव्हाळ्याच्या विषयांवर अधिकारी मंडळी बोलतात. माझा अधिकार तो काय? जन्मभर खडू झिजविलेला मी एक जुन्या अकरावीचा मॅट्रिक मास्तर. शब्दांखेरीज दुसरी पुंजी माझ्या गाठी नाही. म्हणून आपल्या चिटणिसांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी शब्दांचाच विषय घेतला. आपल्या मराठी भाषेत पुढाऱ्यांची खुशामत करणारांना कोणकोणती नावे आहेत, आणि ती खुशामत कोणत्या शब्दांनी केली जाते, याविषयी मी चार शब्द बोलणार आहे.

विषय सुचण्यास निमित्त घडले ते घरातलेच. माझा नातू एके दिवशी वर्तमानपत्र वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "आजोबा, लांगूलचालन म्हणजे काय हो?" मी आनंदाने सांगितले की, लांगूल म्हणजे शेपूट आणि चालन म्हणजे हालविणे. कुत्रे भाकरीसाठी धन्यापुढे शेपूट हालविते, तसे माणसाने करणे म्हणजे लांगूलचालन. पोर पोटभर हसले. मग म्हणाले, "मग आपल्या चौकात वाढदिवसाचा मोठा फलक लागलाय, ते लांगूलचालनच ना?" आता त्या फलकावर पुढाऱ्याच्या भव्य चित्राखाली शुभेच्छुकांच्या लहान लहान छायाचित्रांची जी रांग होती, तिच्यात त्या मुलाच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या चिरंजीवांचेही छायाचित्र होते. मी "अभ्यास कर" एवढेच म्हणालो. शिक्षकाला उत्तर आले नाही की तो हेच म्हणतो. त्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर आज आपणां सर्वांसमक्ष देण्याचा माझा प्रयत्न आहे.

लांगूलचालन हा शब्द आज अग्रलेखांतून रोज आढळतो. पण त्यातील चित्र फार जुने आहे. भर्तृहरीने नीतिशतकात कुत्रा आणि हत्ती यांची तुलना केली आहे. अन्न देणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हालवितो, पायांशी लोळतो, तोंड आणि पोट दाखवितो. हत्ती मात्र गंभीरपणे पाहतो आणि शंभर आर्जवे केल्यावर खातो. वामनपंडितांनी नीतिशतक मराठीत आणल्याने हे चित्र आपल्याकडील जुन्या पिढीच्या ओळखीचे झाले. खेड्यातील माणसाने मात्र भर्तृहरी न वाचताच हीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगून ठेवली आहे. तो म्हणतो, "काय गोंडा घोळतोय बघा!" गोंडा म्हणजे शेपटीचा झुबका. पंडिताने संस्कृतात पाहिले तेच कुणब्याने आपल्या अंगणात पाहिले.

दुसरा वर्ग दरबारी शब्दांचा. खुशामत हा शब्द मूळ फारसी. 'खुश आमद' म्हणजे 'भले आलात', एवढाच त्याचा मूळ अर्थ. पाहुण्याचे स्वागत करण्याचा तो शब्द. आलेल्याचे भले म्हणता म्हणता त्याचे सारेच भले म्हणण्याची सवय लागली आणि शब्द बिघडला. 'हुजूर' याचा अर्थ समक्षता, सान्निध्य. पेशवाईत धन्याच्या सान्निध्यात राहून चाकरी करणारा तो हुजऱ्या. त्यावरून आज हुजरेगिरी. मस्करा म्हणजे विदूषक, आणि धन्याला खूष ठेवणारा तो खुषमस्कऱ्या. त्याहून एक पायरी खाली 'थुंकी झेलणे'. हा वाक्प्रचार सभ्य सभेत उच्चारताना जीभ अडखळते, पण धन्याच्या तोंडून काय बाहेर पडेल ते पडण्यापूर्वीच हात पुढे करणारा माणूस याहून स्पष्ट कोणत्या शब्दाने दिसणार? लाळघोटेपणा आणि तोंडपुजेपणा हे त्याचेच भाऊबंद. तोंडपुज्या तोंडाची पूजा करतो; माणसाचे तोंड वळले की त्याची पूजा संपते.

आपण ज्या शिवनेरीच्या छायेत राहतो, त्या शिवनेरीवर जन्मलेल्या राजाला हे दरबारी रीतिरिवाज पुरते ठाऊक होते. १६६६ साली आग्र्याच्या दरबारात मान खाली घालून उभे राहण्याचे नाकारणारा तो राजा. १६७४च्या राज्याभिषेकानंतर त्याने रघुनाथपंतांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश करविला आणि कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देवविले. राज्य चालविणाराने शब्दांकडे लक्ष द्यावे लागते, हे त्या कोशावरून दिसते. राज्य लोकांचे झाले म्हणजे ते लक्ष लोकांनी द्यावयाचे असते.

तिसरा वर्ग अगदी आपल्या गावचा. होयबा हा शब्द घ्या. कोणी काही म्हटले की "होय बा" म्हणणारा, तो होयबा. नंदीबैलाच्या मानेसारखी त्याची मान. दारी येणारा नंदीबैलवाला विचारतो, पाऊस पडेल का? बैल मान डोलावितो. पोराला नोकरी लागेल का? पुन्हा मान डोलावितो. ज्याची मान आडवी हलतच नाही, त्याच्या होकाराला किंमत किती?

नागापूरजवळच्या थापलिंगाला किंवा धामणखेलच्या खंडोबाला आपल्यापैकी बहुतेक जण गेलेले असतील. ताम्हणात भंडारा, खोबरे, पान-सुपारी ठेवून चार-पाच जण मिळून ते ताम्हण उचलतात आणि येळकोटाचा गजर करतात. त्याला आपण तळी भरणे, तळी उचलणे म्हणतो. देवाच्या दारातली ही क्रिया राजकारणात गेली, आणि आज 'अमक्याची तळी उचलतो' म्हणजे योग्य-अयोग्य न पाहता त्याचा कैवार घेतो, असा अर्थ झाला. देवाच्या तळीतील भंडारा आणि खोबरे सर्वांना वाटले जाते, हे मात्र या दुसऱ्या तळीत कोणी पाहिलेले नाही.

तसेच नारायणगावचे. विठाबाई नारायणगावकरांमुळे त्या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. यात्रांच्या हंगामात तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची मंडळी सुपारी देण्यास येतात. शाहीर ओळ टाकतो आणि मागील झीलकरी शेवटचे शब्द उचलून "जी जी" करीत सूर लांबवितात. यावरूनच झील ओढणे, री ओढणे असे आपण बोलतो. परंतु खऱ्या फडातील झीलकऱ्याला ताल सोडून चालत नाही. शाहीर चुकला तर प्रथम त्यालाच कळते, आणि तो सावरून घेतो. राजकारणातील झीलकऱ्याला नायक चुकला हे कळतच नाही. कळले तरी तो त्या चुकीवरच सूर धरतो.

आणि हरभऱ्याचे झाड! आपल्या शिवारात रब्बीला हरभरा असतोच. गुडघ्याएवढे ते रोप. त्यावर चढणार कोण? तरी माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढविणारे आहेत आणि चढणारेही आहेत. सर्व शब्दांत मला हा अधिक आवडतो, कारण यात चढविणाऱ्याची लबाडी आणि चढणाऱ्याचे भोळेपण एकदमच सांगितले आहे.

चौथा वर्ग एकाच शब्दाचा, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत रूढ झाला: चमचा. पुण्यातील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेले कांशीराम यांनी १९८२ साली 'द चमचा एज' या नावाचे इंग्रजी पुस्तकच लिहिले. १९३२ सालच्या पुणे कराराला ५० वर्षे पूर्ण झाली, त्या २४ सप्टेंबरला ते त्यांनी प्रसिद्ध केले. त्यांची सर्व मते कोणाला पटोत वा न पटोत. त्यांनी या हलक्याफुलक्या शब्दाचा जो अर्थ लावला, तो लहान समाजांनी मनावर घेण्यासारखा आहे. चमचा स्वतः हालत नाही, दुसऱ्याचा हात त्याला हालवितो. समाजातून निवडून काढलेला असा माणूस त्या समाजाच्याच हिताविरुद्ध वापरला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे खुशामत हा एका माणसाचा दुर्गुण राहत नाही. त्याची किंमत त्याच्या भाऊबंदांना द्यावी लागते.

येथे क्षणभर थांबून एक विनंती करतो. हुजऱ्या, भाट, झीलकरी, नंदीबैलवाला, पालखीचा भोई हे सारे प्रामाणिक पोटापाण्याचे उद्योग होते. त्यांतील काही जातींचे पिढीजात व्यवसाय होते आणि त्या जातींची माणसे आपल्या शेजारी आजही राहतात. भाटाने वंशावळी जपल्या, भोयाने खांदा झिजविला. त्यांची नावे आपण शिव्यांसारखी वापरतो, आणि जे खरोखर लाचार झाले ते मात्र पांढऱ्या कपड्यांत व्यासपीठावर बसतात. शब्द वापरताना हा अन्याय आपल्या हातून होऊ नये.

आता दुसऱ्या पेटीकडे वळू. खुशामत करणाराला काय म्हणावे, हे शब्द आपण दुसऱ्यासाठी राखून ठेवतो. खुशामत करण्याचे शब्द मात्र आपण स्वतः वापरतो. कार्यसम्राट, विकासपुरुष, भाग्यविधाते, आधारवड, युवकांचे आशास्थान, दीनदुबळ्यांचे कैवारी, आणि निवडणुकीला दोन वर्षे असताना 'भावी आमदार'! जुन्नर ते मंचर एकदा मोटारीने जावे. रस्त्यात जितके थांबे तितके सम्राट. पूर्वी सम्राट एक असे आणि मांडलिक अनेक असत. आता उलट झाले आहे.

पदव्या सर्वच खोट्या, असे माझे म्हणणे नाही. १९०२ साली आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या शाहू छत्रपतींना १९१९ साली कानपूर येथे कुर्मी समाजाच्या परिषदेने राजर्षी म्हटले. तेथे देणारा समाज दूर उत्तरेतला आणि घेणारा स्वतःच राजा. देणाऱ्याला त्याच्याकडून दाखला, परवाना वा ठेका मिळवावयाचा नव्हता.

याहून बोधप्रद उदाहरण १८८८ सालचे आहे. त्या वर्षी राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. जडजवाहिराने लखलखणाऱ्या त्या सभेत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या पोशाखात गेले. येथे जमलेली ही मंडळी म्हणजे खरा हिंदुस्थान नव्हे, तो खेड्यांत आहे, त्याची स्थिती आपल्या मातुःश्रींच्या कानी घाला, अशा आशयाचे ते बोलले. राजपुत्रासमोर बोलण्याची संधी मिळाली असता काय बोलावे, याचा हा धडा आहे. आणि योगायोग पाहा, त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईस मांडवी येथील कोळीवाड्यात लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. १८४८ साली मुलींची शाळा काढली तिला तेव्हा ४० वर्षे झाली होती. ४० वर्षांचे काम आधी, शब्द मागाहून. ज्याने राजपुत्राची स्तुती केली नाही, त्याची स्तुती कष्टकरी लोकांनी केली.

आणखी मागे जावयाचे तर आपला नाणेघाट आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या त्या जुन्या व्यापारी वाटेवरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी निगडित असा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात राजाला दक्षिणापथपती म्हटले आहे. म्हणजे मोठ्या पदव्यांची हौस आजची नाही. परंतु त्या लेखाचा बराच भाग आकड्यांनी भरला आहे. अमुक यज्ञात इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण दिले, असा तो हिशेब. आपल्या देशातील अंकलेखनाच्या इतिहासात त्या लेखाला मोठे महत्त्व आहे ते यामुळेच. राजघराण्याने स्वतःची थोरवी स्वतः कोरविली, तरी तिच्यासोबत मोजणी कोरविली. आमच्या चौकातील फलकावर विशेषणे एकवीस होती, पण आकडा एकही नव्हता. होता तो फक्त वाढदिवसाचा.

हे सर्व थट्टेवारी न्यावयाचे की काय? मला तसे वाटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यास गोखले सभागृहात न्यायमूर्ती रानड्यांच्या जन्मदिनी भाषण केले, तेव्हा व्यक्तिपूजेचे धोके त्यांनी परखडपणे सांगितले. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील अखेरच्या भाषणात त्यांनी बजावले की, धर्मातील भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. प्रत्यक्ष पंडित नेहरूंनी १९३७ साली टोपणनावाने लेख लिहून लोकांना आपल्याच लोकप्रियतेपासून सावध केले होते. एकमेकांशी मतभेद असलेली ही दोन माणसे या एका बाबतीत सारखेच सांगतात, तेव्हा आपण ऐकावे हे बरे.

आता मला माझ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. अन्यथा वरील सारे उपदेश ठरतील, आणि उपदेश करण्याचा अधिकार मी केव्हाच गमावला आहे. माझे अक्षर बरे म्हणून नोकरीच्या काळात परिसरातील कित्येक मानपत्रे मीच लिहिली. पुष्कळ वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कडेच्या एका वाडीतील शाळेवर मी होतो. तेथे नळपाणी योजनेच्या उद्घाटनास एक वजनदार पुढारी यावयाचे होते. मानपत्र मी लिहिले. त्यात त्यांना आधुनिक भगीरथ म्हटले. वाचण्यासाठी चौथीतील एक मुलगी निवडली. तिचे उच्चार स्वच्छ होते. तालमीच्या वेळी ती म्हणाली, "गुरुजी, भगीरथानं गंगा आणली ना? मग माझी आय अजून खालच्या विहिरीवर का जाती?" योजनेचे पाणी वाडीत चढतच नव्हते. समारंभाच्या आदल्या रात्री टाकी टँकरने भरून ठेवली होती. हे मला ठाऊक होते, तिला ठाऊक होते, सर्व वाडीला ठाऊक होते. मी तिला म्हणालो, "मोठ्यांच्या गोष्टी आहेत, तू नीट वाच." तिने नीट वाचले. टाळ्या झाल्या. नळ सोडला, पाणी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी थांबले. सायंकाळी ती मुलगी आईबरोबर हंडा घेऊन विहिरीच्या वाटेने जाताना मला दिसली. तिने मला नमस्कार केला.

बंधूंनो, त्या पुढाऱ्याचे माझ्या शब्दांनी काही बिघडले नाही, कारण त्यांना असे शब्द रोज मिळत होते. टाकी भरणारानेही आपले काम केले. पण ज्या मुलीला खरे-खोटे शिकविण्याचा मला पगार मिळत होता, तिला मी त्या दिवशी शिकविले की, डोळ्यांना दिसते ते एक आणि मोठ्याने वाचावयाचे ते दुसरे. खुशामतीत नुकसान कोणाचे, असे कोणी मला विचारले तर मी त्या मुलीचे म्हणेन. आपण सहीखाली जे छापतो ते मुले वाचतात. माझ्या नातवाने वाचले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. आपला शिंपी समाज संख्येने लहान. मतांच्या जोरावर आपले काम होत नाही. तयार कपड्यांनी गावातील यंत्रे बंद पाडली. मुलांना शिक्षणासाठी शहरात राहण्याची सोय पाहिजे. वसतिगृहाला जागा पाहिजे. दोन गोड शब्दांनी जर सरकारदरबारी काम होत असेल, तर मास्तर, तुमचे का दुखते? असे मला कार्यकारी मंडळातील एका जाणत्या गृहस्थाने विचारले. कारण आपणांस ठाऊक आहेच की, वसतिगृहाच्या जागेसाठी ज्या लोकप्रतिनिधींनी शब्द दिला आहे, त्यांना द्यावयाचे मानपत्र लिहिण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपविले आहे.

त्यांना मी उत्तर दिले ते आपल्या धंद्यातील. आपले वाडवडील गिऱ्हाइकाला खूष ठेवीत नव्हते काय? ठेवीतच होते. पण ते कसे? आधी फीत लावून माप घेत, मग कापड बेतीत, कच्चा टाका घालून अंगावर चढवून पाहत, मग पक्की शिलाई मारीत. पाटलाचा अंगरखा असो की गड्याची कोपरी, माप दोघांचेही घ्यावे लागे. पाटील मोठा म्हणून त्याची छाती चार बोटे अधिक धरली, तर अंगरखा लोंबेल आणि लोक शिंप्याला हसतील. 'अंगापेक्षा बोंगा मोठा' ही म्हण दुसऱ्या कोणी विसरली तर चालेल. आपण विसरून कसे चालेल? स्तुती ही वस्त्रासारखीच आहे. ती अंगाबरोबर बेतली तर माणसाला शोभते आणि टिकते. सैल शिवली तर पहिल्या वाऱ्याला फुगते आणि लवकरच उसवते. सम्राटाचा झगा आज एकाच्या अंगावर, निवडणुकीनंतर दुसऱ्याच्या. ज्याचे माप कोणाचेच नाही ते वस्त्र कोणालाही चढविता येते.

कृतज्ञता आणि खुशामत यांतील भेद मला याच मापात सापडतो. कृतज्ञता झालेले काम मोजून सांगते. खुशामत न झालेल्या कामाचेही श्रेय देऊन टाकते. आणि एकदा श्रेय देऊन टाकल्यावर ते काम पुन्हा मागावयाचे कोणत्या तोंडाने? ज्या वाडीने भगीरथ म्हणून टाळ्या वाजविल्या, तिला पाणी आले नाही असा अर्ज करणे किती अवघड झाले असेल, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला.

त्या प्रसंगानंतर मी विशेषणांचे मानपत्र लिहिले नाही. दुसऱ्या एका शाळेवर असताना पुन्हा तशी वेळ आली, तेव्हा मी लिहिले की, आपल्या खटपटीने दोन वर्गखोल्या पूर्ण झाल्या, त्यांत ६४ मुले बसतात, त्याबद्दल गाव आपले ऋणी आहे. तिसऱ्या खोलीचे पत्रे यावयाचे आहेत. सरपंच घाबरले. पाहुण्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. दोन पावसाळ्यांनी पत्रे आले. ते माझ्या त्या ओळीमुळे आले असे मी म्हणत नाही. मात्र ती ओळ वाचताना वाचणाऱ्या मुलाने मला काही विचारले नाही, आणि मला खाली पाहावे लागले नाही.

तेव्हा माझी या सभेस नम्र विनंती आहे. वसतिगृहाची जागा मंजूर होऊन कागद हाती आला, तर मी मानपत्र मनापासून लिहीन. गट क्रमांक, क्षेत्र आणि दिनांक त्यात असेल, आणि आभाराचे वाक्य इतके सरळ असेल की चौथीतील मुलाला समजेल. मंजुरी झाली नाही, तर मानपत्राऐवजी अर्ज लिहीन; त्याचेही अक्षर तितकेच सुवाच्य असेल. आणि आपल्या या स्मरणिकेत पुढील वर्षापासून शुभेच्छांची पाने छापावयाचीच असतील, तर प्रत्येक पानावर त्या गृहस्थाने समाजासाठी केलेले एक तरी काम सालासह छापावे. ज्यांच्या नावाखाली ती जागा कोरी राहील, त्यांनाही ती दिसेल. मंडळाला हे मान्य नसेल, तर मानपत्राचे काम माझ्याकडून आनंदाने काढून घ्यावे; मी रागावणार नाही. आपल्यात सुवाच्य अक्षर असलेली तरुण मंडळी पुष्कळ आहेत.

नामदेवमहाराज आपल्या कुळातले म्हणून आपण अभिमान बाळगतो, आणि तो रास्त आहे. पंढरपुरापासून पंजाबातील घुमानपर्यंत त्यांचा संचार झाला, शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आदराने गायिली जातात. एवढ्या थोर पुरुषाने आपल्या अभंगांच्या अखेरीस स्वतःचा उल्लेख काय केला? नुसता 'नामा'. पुढे पदवी नाही, मागे विशेषण नाही. आणि विसाव्यासाठी जागा कोणती घेतली? विठ्ठलाच्या महाद्वाराची पायरी, जेथे येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागते. व्यासपीठावर पहिल्या रांगेतील खुर्ची मिळावी म्हणून जेव्हा आपल्यात रुसवेफुगवे होतात, तेव्हा मला ती पायरी आठवते.

माझ्या नातवाला मी आता उत्तर देईन की, होय बाळा, तो फलक लांगूलचालनच होता. त्यात तुझ्या वडिलांचे छायाचित्र होते, आणि त्याआधी तुझ्या आजोबाचे अक्षर पुष्कळ ठिकाणी होते. तू मात्र कोणाचे कौतुक करशील तेव्हा आधी माप घे. आपण शिंपी आहोत.